काळ्या गाडीतले बारा चाळीस

भुतंखेतं, करणी-भानामती... असलं काही सांगणाऱ्याला मी तोंडावर हसायचो. मी मोटारींचं वायरिंग करणारा माणूस. करंट आला तर दिवा लागतो, नाही आला तर नाही, एवढ्यावर माझं पोट भरलं. तरी हे लिहितोय, कारण ते आठवलं की अजून किळस येते.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. राहुरीत माझं गॅरेज होतं. जवळच्या एका बागायतदाराची जुनी काळी विलायती गाडी घोडेगावच्या रस्त्याला बाभळीवर आदळली. चालवत होता धाकटा भाऊ, अण्णा. त्याला साधं खरचटलंही नाही. शेजारी बसलेल्या थोरल्या बापूंना, म्हणजे गाडीच्या मालकाला, लोकांनी बाहेर काढलं तेव्हा धुगधुगी होती, पण दवाखान्याच्या वाटेवर ते गेले. अपघात दुपारी साडेचारला झाला आणि आपण लगेच माणसं बोलवायला धावलो, असं अण्णा ज्याला त्याला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्याकडे ओढून आणली. सीटवरच्या रक्ताची खपली झालेली, त्यावर मुंग्यांची रांग... आणि डॅशबोर्डवरच्या घड्याळात बारा चाळीस.

हे घड्याळ कसं चालतं ते सांगतो. आत एक छोटी स्प्रिंग असते. ती मिनिट-दोन मिनिटांत उतरते. मग आतले दोन पॉइंट टेकतात, बॅटरीचा करंट येतो आणि कॉइल ‘खट्’ करून स्प्रिंगला पुन्हा चावी देते. इथे बॅटरी धडकेतच फुटली होती. म्हणजे धडकेनंतर घड्याळ फार तर दोन मिनिटं चालणार. म्हणजे धडक बारा चाळीसच्या सुमाराची, आणि माणसं बोलावली साडेचारला. तोवर बापू तसेच पडून होते, जिवंत.

संध्याकाळी अण्णा आला. तोंडाला दारूचा वास येत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मिस्त्री, उद्या वहिनी येनार हाय गाडी बघाया. काटं साडेचारवर घ्या."

माझं निम्मं काम त्याच्या घरचं. मी काटे फिरवले. वर शहाणपणा म्हणून घड्याळच बाहेर काढलं, वायरी तोडल्या, दोन्ही पॉइंटमध्ये कागदाची घडी सारली. वहिनींना ते रक्त बघायला लागू नये म्हणून, अशी मी माझी समजूत घातली.

सकाळी वहिनी अण्णाबरोबर आल्या. गाडीकडे गेल्याच नाहीत. मी घड्याळ त्यांच्या हातावर ठेवलं. साडेचार बघून त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

तेवढ्यात त्यांच्या तळहातावर ‘खट्’ झालं. एकदाच. आणि काटे मागे फिरायला लागले... हळूहळू, चार, तीन, दोन करत बारा चाळीसवर येऊन थांबले. आम्ही तिघांनीही बघितलं.

वहिनींनी विचारलं ते मलाच. "मिस्त्री, खरं सांगा. काटं तुमी फिरवलं हुतं का?"

अण्णा माझ्याकडे बघत होता.

"न्हाई वहिनी," मी म्हणालो. "बिघडलंय ते."

"असंल," म्हणाल्या, आणि अण्णाच्याच जीपमध्ये बसून घरी गेल्या.

त्या गेल्यावर मी घड्याळ उघडलं. कागदाची घडी जागच्या जागी, स्प्रिंग पूर्ण उतरलेली. तो ‘खट्’ कुठून आला, काटे कशाने फिरले, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. माझ्या ‘न्हाई’चं मात्र कोडं नाही. पुढच्याच आठवड्यात अण्णाचा ट्रॅक्टर वायरिंगला आला, आणि मी तो आत घेतला.