चौथ्यांदा घासलेली कड

मुकुंदराव तांबट गेल्याची बातमी आली तेव्हा माझे दोन्ही हात एका सेवानिवृत्त प्राचार्यांच्या तोंडात होते. रिसेप्शनवरच्या मुलीनं फोन घेतला, दारात येऊन हळूच सांगितलं. प्राचार्यांनी माझा हात बाजूला करून विचारलं, "कोण गेलं?" म्हटलं, "तुमची वरची कवळी ज्यांनी केली ते." प्राचार्यांनी क्षणभर डोळे मिटले. मला वाटलं, माणूस हळहळला. मग ते म्हणाले, "अहो, मग आता ती सैल झाली तर द्यायची कुणाकडे?"

या गोष्टीला दीड महिना होऊन गेला. त्याच संध्याकाळी आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. "एक थोर कलावंत हरपला," असं जे लिहीत होते, त्यांच्यापैकी निम्म्यांना त्या कलावंताचं आडनावही धड ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी तो 'लॅबवाला' होता. डॉक्टर तोंडाचं माप घेतो, ते माप लॅबमध्ये जातं, तिथे प्लास्टरचा साचा ओततात, त्यावर दात बसवून कवळी करतात आणि ती परत डॉक्टरकडे येते. पेशंट डॉक्टरचे आभार मानतो. लॅबवाल्याचं तोंड त्यानं पाहिलेलंही नसतं. मीही ग्रुपवर काही लिहिलं नाही. जे लिहायला हवं होतं ते तिथे लिहिण्यासारखं नव्हतं.

मुकुंदरावांचे वडील कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवायचे. मुलानं हातोडी सोडली आणि दात धरले. अरुंद जिना चढून गेलं की त्यांच्या दोन खोल्या लागत. सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी, भिंतीला लागून फळ्या, आणि फळ्यांवर शेकडो साचे, प्रत्येकावर पेन्सिलीनं आडनाव. पुण्यातली बरीच मोठी माणसं त्या फळ्यांवर आ वासून बसलेली होती. मी नवी डॉक्टर असताना माझं पहिलंच माप त्यांनी परत पाठवलं. सोबत चिठ्ठी : "ही कवळी ज्यांना बसेल असे गृहस्थ आधी शोधावेत, मग माप पाठवावे." मी तणतणत जिना चढले. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बाई, हात चांगला आहे तुमचा. घाई कुणाची चाललीये?" भांडायला गेलेली मी चहा पिऊन परत आले. पुढे तीस वर्षं दर शनिवारी दुपारी त्या चहाला गेले.

तुच्छता हा त्या माणसाचा स्थायीभाव होता, आणि तो मला आवडायचा, हे आजही लपवत नाही. एकसारख्या, पांढऱ्याशुभ्र दातांचा त्यांना मनस्वी तिटकारा. "सत्तरीच्या माणसाला विशीतले दात लावले की तो 'नमस्कार' म्हणाला तरी थापा मारतोय असं वाटतं." ते पेशंटचा जुना फोटो मागवून घेत, आणि पूर्वी एखादा दात किंचित तिरपा असेल तर कवळीतही तो तसाच तिरपा बसवत. घरच्यांनी तक्रार केली की उत्तर ठरलेलं : "बायकोनं ओळखायला नको का?" पण त्यांची खरी तुच्छता राखून ठेवलेली होती ती लोकांच्या प्रश्नांसाठी. मी शाळांतून, सोसायट्यांतून दातांच्या निगेवर बोलायला जाते. शेवटी श्रोते प्रश्न विचारतात. तीस वर्षांत ते प्रश्न बदललेले नाहीत, आणि माझी उत्तरंही नाहीत.

एकदा हडपसरच्या एका भल्यामोठ्या सोसायटीत मी बोलणार होते. मुकुंदरावांना त्याच बाजूला एक कवळी पोचवायची होती, म्हणून ते बरोबर आले आणि हॉलमध्ये शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. पहिला प्रश्न एका आयटीतल्या आईचा : "मॅम, मिल्क टीथ तर एनीवे पडणारच ना? मग फिलिंग करायची खरंच गरज आहे का?" मी सांगितलं, दुधाचा दात खालच्या पक्क्या दाताची जागा धरून ठेवतो, आणि किडला तर तो त्या पोराला आजच दुखतो. मग एक आजोबा. हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून त्यांनी ब्रश करणंच सोडलं होतं. जणू घाण दिसायला नको म्हणून दिवा घालवावा. मग दात काढल्यावर नजर कमी होते का. मग दात साफ केल्यावर हलायला लागतात का. मग अकोल्याहून मुलाकडे राहायला आलेल्या एका बाई, कवळी रोज झोपताना काढून पाण्यात ठेवायलाच हवी का, पाहुणे असले तरी? मी सगळ्यांना हसतमुखानं उत्तरं दिली, आणि शेवटी नेहमीचं वाक्य म्हटलं : तोंडातली कुठलीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर, दुखत असो वा नसो, डॉक्टरांना दाखवा. टाळ्या झाल्या. मग बटाटेवडा.

परतताना रिक्षात मुकुंदराव म्हणाले, "बाई, एकानंही प्रश्न विचारला नाही हो."

"अहो, अर्धा तास काय चाललं होतं मग?"

"परवानगी मागत होते. दात भरला नाही तर चालेल ना, कवळी काढली नाही तर चालेल ना. उत्तरं सगळ्यांना ठाऊक असतात. तुम्ही एकदा चुकून 'चालेल' म्हणा, मग बघा तुमची कीर्ती कुठे जाते ती."

मी इतकी हसले, की रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं.

स्वतःचं तोंड मात्र मुकुंदरावांनी माझ्यासमोर आपणहून एकदाच उघडलं. तंबाखूनं त्यांच्या हिरड्या खाल्ल्या होत्या. खालचे दात एकेक करून गेले, तेव्हा त्यांनी तंबाखू सोडली आणि खालच्या जबड्याचं माप घ्यायला मला बोलावलं. माप घेताना नाकानं हुंकार देत राहिले, पण ते परत पाठवलं नाही. कवळी स्वतःच केली, आणि स्वतःचा साचाही फळीवर ठेवला. त्यानंतर दरवर्षी मी म्हणायची, "एकदा दाखवा बरं आतून." आणि ते म्हणायचे, "दुकान पाहा, मालकाचं तोंड काय पाहता?" मी आग्रह धरला नाही. दोन हुशार माणसांत असले सोपस्कार कशाला... असं मला वाटायचं. हडपसरच्या आजोबांना मी हसत होते, आणि ते निदान खरं तरी सांगत होते.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावरच्या एका शनिवारी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता मुकुंदरावांनी सहज विचारलं, "एका पेशंटचं विचारायचंय. खालची कवळी जिभेच्या अंगाला टोचते. तीनदा कड घासून दिली, तरी जखम भरत नाही."

"कुणाचा पेशंट?"

"तुमचा नाही."

एवढं पुरलं मला. माझ्या दवाखान्यासमोर एकानं काचेच्या दाराचा नवा दवाखाना थाटला होता, दारात कारंजं, आत सोफे. त्याच्या मापांची मुकुंदरावांकडून मी दर शनिवारी चवीनं निंदा ऐकत असे. हा त्याचाच पेशंट, हे मी ठरवूनच टाकलं. जखमेला किती दिवस झाले, हे विचारलं नाही. माणसाचं वय विचारलं नाही. तंबाखूचं विचारलं नाही. म्हटलं, "मग चौथ्यांदा घासा! मापच चुकलेलं असणार. त्या सोफेवाल्याला माप घेता येतं कुठे?" मुकुंदराव हसले. दुसरा कप चहा सांगितला. मीही स्वतःच्या विनोदावर खूश होऊन जिना उतरले. कुणाच्या कवळीनं जखम झाली तर कड घासायची आणि तरी भरली नाही तर ती जखम कवळीची नाही असं समजून तपासायची, हे आमच्याकडे विद्यार्थ्यालाही येतं. त्यानंतरच्या आठवड्यात मी आणखी एका सोसायटीत बोलले. दोन आठवड्यांचं वाक्य म्हटलं. टाळ्या झाल्या.

उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी शैलावहिनी त्यांना धरून माझ्याकडे घेऊन आल्या. बोलणं जड झालं होतं, मानेत गाठ आली होती. मी खुर्ची मागे केली, दिवा लावला, आरशानं जीभ बाजूला सारली. तपासणीच्या कागदाची मला गरज नव्हती. कॅन्सर होता, आणि तो जुना होता.

मी म्हटलं, "तो पेशंट तुम्ही होतात."

ते अडखळत म्हणाले, "तुमचाच होता. खोटं बोललो."

"का पण?"

"तुम्ही आ करा म्हणाला असतात."

बस, एवढंच. जन्मभर लोकांच्या परवानग्यांना हसलेल्या माणसानं एकदाच परवानगी मागितली, आणि जन्मभर परवानग्या नाकारणाऱ्या बाईनं ती एकदाच दिली. तीही एका सोफ्यावरच्या रागापायी. इतका क्षुद्र दोष मी माझ्या शत्रूलाही चिकटवला नसता. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, पण आम्ही फार मागे राहिलो होतो. बोलणं बंद झालं तेव्हा ते पुन्हा चिठ्ठ्या लिहायला लागले. नर्सला, जेवणाला, हॉस्पिटलातल्या पडद्याच्या रंगाला, कुणालाही सोडलं नाही. शेवटच्या भेटीत मी काहीतरी क्षमेचं पुटपुटायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि लिहून दिलं : "बाई, माप बरोबर होतं." तीस वर्षांत त्यांनी माझ्या मापाला दिलेली ही एवढीच शाबासकी. मी ती वाचून त्यांच्यासमोरच रडले, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. रडणाऱ्या माणसांबद्दलही त्यांचं मत चांगलं नव्हतं.

तेराव्यानंतर शैलावहिनींनी मला त्यांची कवळी आणि साचा आणून दिला. "तुमच्याकडेच असू द्या. मला बघवत नाही." मी दवाखान्यात एकटी असताना कवळी साच्यावर बसवली. बसली, अगदी चपखल, सगळीकडून. फक्त जिभेच्या अंगाला अर्धचंद्रासारखी कड खाल्लेली. नीट पाहिलं तर घासण्याचे थर वेगळे कळतात. पहिले तीन बेतानं घासलेले, आणि प्रत्येकाला काचेसारखं पॉलिश. चौथा खोल आहे, माझ्या सांगण्यावरून घासलेला, आणि खरखरीत. पॉलिश न करता त्यांच्या लॅबमधून कधी एक दातही बाहेर गेला नव्हता. घासता घासता त्यांना कळलं असणार. तिथे हात थांबला असणार, आणि तरीही ते मला पुढच्या शनिवारी काही बोलले नाहीत. त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी त्यांना उत्तर दिलं होतं.

परवा एक गृहस्थ टोपी हातात घेऊन आले. "डॉक्टर, माझं काही नाही, आमच्या शेजाऱ्यांचं विचारायचं होतं..." मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. खुर्ची दाखवली, दिवा लावला.

"अहो, पण शेजाऱ्यांचं..."

"शेजाऱ्यांना उद्या पाठवा. आधी तुम्ही आ करा."

ते रागावले. म्हणाले, माहिती विचारायला आलेल्या माणसाशी बोलायची ही काय पद्धत झाली. मग बसले. त्यांच्या तोंडात काहीही नव्हतं, आणि तसं मी त्यांना सांगितलं. ते तणतणत निघून गेले. मी खुर्चीशेजारचा खण उघडला, त्यात ठेवलेल्या कवळीच्या खरखरीत कडेवरून एकदा अंगठा फिरवला, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.