चाकांची शेगडी आणि तात्यांची उडवी

आग लागल्यावर काय करायचं, हे मी अख्खी नोकरीभर लोकांना शिकवलं. प्रत्यक्ष आग लागली तेव्हा मी स्वतः काय केलं, ते मात्र मला नीट आठवत नाही. साडूंच्या मोबाइलमध्ये जे दिसतं तेच खरं धरून चालतो.

बिरवाडीच्या बाजूला एका केमिकल कारखान्यात मी सेफ्टीत होतो. म्हणजे पिवळं हेल्मेट घालून हिंडायचं आणि कुणी खिशातून बिडी काढली की शिट्टी वाजवायची. निवृत्त झालो आणि पोलादपूरच्या अलीकडे गावच्या घरी राहायला आलो. हेल्मेट कारखान्यात जमा केलं, भीती तेवढी घरी आणली. मला आगीची भीती वाटते, आणि ती साधीसुधी नाही. देवापुढचं निरांजन शांत झाल्याशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकत नाही. गॅसचा वास तर मला कशालाही येतो. बायको लसूण सोलायला बसली तरी मी धावत जाऊन सिलिंडर बंद करतो. एकदा व्याही आंघोळीला गेलेले असताना मी गिझरचा गॅस बंद केला होता. माघाचा महिना होता. ते अजून आमच्याकडे मुक्कामाला येत नाहीत.

अशा माणसाच्या बायकोला बार्बेक्यू हवासा वाटला!

त्याचं मूळ पुण्यात. माझे साडू सुहासराव यांनी गच्चीत बार्बेक्यू आणला आणि फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायचा सपाटा लावला. आज पनीर, उद्या कोंबडी, परवा नुसते टोमॅटो. आमची नंदा फोटो मोठे करकरून बघायची.

"ताईची गच्ची आपल्या मोरीएवढी आहे," ती एक दिवस म्हणाली. "आणि आपल्याला एवढं मोठं परस. आपण तिथं काय करतो?"

"आपण तिथं सुरक्षित असतो."

"पुढच्या रविवारी ते दोघं येतायत. मी सांगून बसलेय, आमच्याकडे पण आहे म्हणून."

"काय आहे?"

"बार्बेक्यू."

"कुठाय?"

"ते तुम्ही बघा," असं म्हणून ती भाकऱ्या थापायला गेली.

मी परसात जाऊन उभा राहिलो. समोर तात्यांची उडवी होती. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. परस त्यांचं आणि आमचं सामाईक. भात झोडून झाल्यावर त्याचा पेंढा तिथं रचून ठेवलेला, थेट कौलांच्या उंचीचा. एकेक भारा त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून आणलेला. त्यांच्या दोन म्हशींचं पावसाळ्यापर्यंतचं सगळं खाणं त्या एका उडवीत होतं. आणि दिवस फेब्रुवारीचे. समोरच्या डोंगरावरचं गवत वाळून कुरकुरीत झालेलं, दुपार झाली की वारा सुटायचा. कुठं वणवा दिसला तर तात्या अंगणात वाऱ्याची दिशा बघत उभे राहायचे, आणि धूर पलीकडे वळेपर्यंत चहाला तोंड लावायचे नाहीत. गावात आगीला माझ्याइतकं मानणारा हा एकच माणूस. त्यांच्याकडे परवानगी मागायची होती.

"तात्या, परसात जरा शेगडी पेटवायची म्हणतोय. पाहुणे येतायत."

"घरातली मोडली काय?"

"ही बाहेरची असते. चाकांची."

"चाकांची?" तात्यांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "पेटल्यावर पळती काय ती?"

ही भीती मला तोवर सुचलेली नव्हती. आता तीही आली.

"कोंबडीच भाजायची तं शेतात पोपटी लाव की रे. मडक्यात भांबुर्डीचा पाला घाल, वालाच्या शेंगा घाल, कोंबडी घाल, वरनं जाळ कर. झाला काम."

"उघड्या शेतावर जाळ? या वाऱ्यात?"

"मग पेटव तुझी चाकाची. पन एक ऐक. माझ्या उडवीला काय झाला, तर दोनी म्हशी तुझ्या दारात आनून बांधीन. मग तू हायस आनि त्या हायत."

तात्या बोलतात ते करतात. मी तिथून सरळ महाडला हनीफकडे गेलो.

हनीफ माझा शाळेपासूनचा दोस्त. कुवेतला हॉटेलच्या भटारखान्यात निम्मं आयुष्य काढलं, आता महाडात त्याचा टेम्पो आहे. भाजण्यातलं त्याला सगळं कळतं, असं तो स्वतःच सांगतो.

"कोळशाचाच घे," तो म्हणाला. "चव म्हणशील तर कोळशाची. गॅसवर काय, पापड पण भाजतात."

"ठिणग्या उडतात का रे?"

"उडणारच ना. त्यातच तर मजा आहे. तिकडं वारा सुटला की अशा उडायच्या, अशा उडायच्या..." त्याने दोन्ही हात आभाळाकडे नेले. मला त्या हातांच्या मध्ये उडवी दिसली. कोळसा तिथंच बाद झाला.

"मग करंटवाला घे."

आमच्या गावचा करंट असा, की संध्याकाळी पंख्याची पाती मोजता येतात. पण ती काळजी नव्हती. करंटवाला म्हणजे माजघरातून परसापर्यंत वायर. वाटेत मोरी, मोरीत पाणी, पाण्यात नंदा. मी डोळे मिटून घेतले.

"तुला कोंबडी भाजायची आहे की मयताला जायचंय?" हनीफ वैतागला. "गॅसचा घे मग. झाकण असतं, बटण असतं. बटण फिरवलं की आग बंद."

आगीला बटण असतं ही कल्पना मला फारच आवडली. सगळ्याच आगींना असायला हवं होतं. पण गॅस म्हटल्यावर नाकात आत्तापासूनच वास यायला लागला. शेवटी उडवीला ज्याच्यापासून सगळ्यात कमी धोका तो बार्बेक्यू उत्तम, असं ठरवून मी गॅसवाला घेतला, आणि हनीफच्या टेम्पोतून तो घरी आला. काळाकुळकुळीत, खाली चाकं, वर अर्ध्या पिंपाएवढं झाकण. तात्या त्याच्याभोवती एक फेरी मारून, एक चाक पायाने ढकलून बघून निघून गेले.

रविवारी मी तयारीला लागलो. बार्बेक्यू उडवीपासून जितका लांब नेता येईल तितका, विहिरीच्या काठाशी नेला. चाकांखाली दगड लावले (पळू नये म्हणून). वाळूच्या बादल्या, ओली गोणपाटं. विहिरीच्या मोटरला लांबलचक पाइप जोडून मोटर आधीच चालू करून ठेवली, टोकाचा कॉक उघडला की फवारा. चुन्याच्या फक्कीने मोठा गोल आखला आणि बजावलं, माझ्याशिवाय कुणी आत यायचं नाही. या सगळ्यात मला दिवसभर गॅसचा वास येत होता आणि मी तो दर थोड्या वेळाने जाहीर करत होतो. सिलिंडर तेव्हा जोडलेलाही नव्हता.

"हे बघा," नंदाने मला मसाल्याच्या हातानेच बाजूला घेतलं. "आता पाहुण्यांसमोर पुन्हा एकदा वास आला म्हणालात, तर मी ताईबरोबर पुण्याला निघून जाईन."

ऊन उतरल्यावर सगळे गोळा झाले. ताई खुर्चीत, सुहासराव मोबाइल सरसावून, हनीफ कोंबडीच्या पातेल्याशी, तात्या उडवीला पाठ टेकून. मी झाकण उघडलं, बटण फिरवलं. आतून सूं असा आवाज आला. विहिरीची मोटर चालू आहे ना, एवढं मी पुन्हा बघून घेतलं. ठिणगीच्या बटणाकडे बोट नेलं, आणि तात्यांची हाक आली.

"थांब रे! नवी वस्तू हाय. नारळ न ठेवता पेटवतोस?"

आमच्याकडे नवा ट्रॅक्टर असो नाहीतर नवा मिक्सर, हळदकुंकू लागल्याशिवाय त्याला कुणी हात लावत नाही. मला तर तात्यांच्या पाया पडावंसं वाटलं. आग पुढे ढकलली गेली होती! मी लगबगीने झाकण खाली केलं, कारण स्वस्तिक झाकणावरच काढायचं होतं. नंदाने कुंकू लावलं, झेंडू वाहिला, मधोमध नारळ ठेवला. पूजेसाठी फक्कीच्या गोलात सगळ्यांना प्रवेश दिला गेला. बटण तेवढं फिरवलेलं राहिलं.

तात्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"आई काळकाई, वसंतानं आज चाकाची शेगडी आनली हाय, तिला संभाळ."

"होय," सगळे म्हणाले.

"तिच्यावर शिजल ते गोड लागू दे."

"होय."

"डोंगराचा वनवा डोंगरात राहू दे. माझी उडवी राख."

"होय!" मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणालो.

तात्यांचं गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की कुणाला वगळत नाही. मुंबईची पुतणी, बोरिवलीचा भाचा, सुहासरावांचं ब्लडप्रेशर, सगळं आईच्या कानावर घालणं चाललं होतं. हनीफच्या टेम्पोपर्यंत आले तेव्हा मला वास आला.

गॅसचा. अगदी कारखान्यात शिकवायचो तसा, खालून वर येणारा.

मी नंदाकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि नुसती एक भुवई वर केली. (त्या वेळी भुवया आम्हा दोघांनाही होत्या.) मी तोंड मिटून घेतलं. मनाला म्हटलं, वसंता, तुला लसणाचा पण वास येतो. ही अगरबत्ती असेल.

"आरती तू कर," तात्या म्हणाले. "शेगडी तुझी हाय. बाकीच्यांनी मागं सरा, जागा द्या त्याला."

ताटात कापूर पेटला. मी ओवाळायला पुढे झालो. पहिली फेरी पुरी झालीच नाही.

माडीवरून कुणी कापसाची गादी खाली टाकावी तसा धप्प आवाज झाला. झाकण आपणहून उघडलं, बिजागरीतून निखळलं आणि चिंचेच्या बुंध्याशी जाऊन पडलं. नारळ वर गेला आणि थेट विहिरीत. एक मोठा पिवळा जाळ माझ्या तोंडावरून हात फिरवून आभाळात गेला. हनीफने वाकून सिलिंडर बंद केला. ताई म्हणतात, "अगं बाई" एवढं म्हणेपर्यंत सगळं विझलेलं होतं. मागे सरलेल्या कुणाला साधं खरचटलंही नाही.

हे मला फार उशिरा कळलं. मला त्या क्षणी जगात एकच वस्तू दिसत होती.

"उडवी!" मी किंचाळलो.

पुढचं सगळं सुहासरावांच्या व्हिडिओत आहे. भुवया नसलेला एक माणूस पाइप घेऊन धावतो आणि कॉक उघडतो. मोटर चालूच असते. उडवीवर खालून वर, वरून खाली पाण्याचा फवारा मारतो. तात्या "अरे नको, नको रे!" म्हणत मागे धावतात, तर तो त्यांनाही हाताने बाजूला करतो, नागरिकांना सुरक्षित अंतरावर ठेवायचं असतं म्हणून. मग थांबतो, विचार करतो. आग वरून विझली तरी आतून धुमसत राहते, हे मी प्रत्येक ट्रेनिंगला सांगायचो. म्हणून तो पाइप उडवीच्या पोटात खुपसतो. या बाजूने, मग त्या बाजूने. फार व्यवस्थित काम होतं ते. नोकरीत मला एवढं व्यवस्थित करायची संधी कधी मिळाली नव्हती.

शेवटी तात्यांनी माझं मनगट धरलं.

"विझली रे. विझली."

"आत धुमसत असेल, तात्या!"

"अरे, लागलीच नव्हती."

हनीफने जाऊन मोटर बंद केली. एकदम सगळं शांत झालं. उडवीच्या तळातून पाणी वाहत आमच्या पायांपर्यंत आलं होतं. तात्यांनी आत हात घालून मूठभर पेंढा ओढला आणि पिळला. पाण्याची धार लागली. ते तिथंच ओल्यात बसले. मी त्यांना वणव्याच्या वेळी उभं राहिलेलं बघितलं होतं, असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मला रडू आलं. आगीच्या भीतीपेक्षा मोठी भीती असते हे मला तेव्हा कळलं, आणि ती म्हणजे तात्यांचं असं खाली बसणं.

मुठीतला पेंढा खाली टाकून ते म्हणाले, "आईनं गाऱ्हाणं ऐकला. आगीतनं वाचवली. तुझ्यातनं वाचवायचा सांगायला मीच इसरलो."

कोंबडी त्या दिवशी नंदाने चुलीवर केली. छान झाली होती, पण कुणी तसं म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी उडवी मोडून पेंढा परसभर वाळत घातला. वरचा वाळला. आतला गरम होऊन काळा पडला, म्हशींनी त्याचा वास घेतला आणि माझ्याकडे बघून तोंड फिरवलं. त्याच संध्याकाळी तात्या दोन्ही म्हशी घेऊन आले आणि माझ्या दारातल्या खांबाला बांधून गेले. शब्दाचे पक्के आहेत. आता हनीफचा टेम्पो दासगावकडून माझ्यासाठी पेंढा आणतो, शेण मी काढतो, आणि पहाटे तात्या येऊन दूध काढून नेतात. आगीची भीती माझी बरीच कमी झाली आहे. काशी नावाची जी म्हैस आहे, तिची वाटते.

सुहासरावांचा व्हिडिओ कुठवर पोचला कोण जाणे. अधूनमधून ओळखीपाळखीचे फोन येतात. सगळे आधी भुवयांची चौकशी करतात, आल्या म्हणून सांगितलं की हळूच विचारतात, "आम्ही पण घ्यायचा म्हणतोय. कोणता बरा हो?"

मी अनुभवाने सांगतो. कोळशाचा घ्या, गॅसचा घ्या, करंटचा घ्या, तुमची मर्जी. झाकण तेवढं खोल बघून घ्या. ते उलटं ठेवून त्यात पेंड कालवल्यावर म्हशीचं तोंड कानापर्यंत आत गेलं पाहिजे.