रिकामी किटली

सकाळी खिडकीतून आई जाताना दिसते. हातात दुधाची किटली आणि चाल अशी, की जणू डेअरी बंद व्हायला आलीय. दूध तर केव्हाच दारात आलेलं असतं. किटली रिकामी जाते आणि रिकामीच परत येते.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी, त्यामुळे शहाणपण सांगायचा मान मीच घेतला होता. "आई, या वयात रोज चाललीस तर गुडघे आखडणार नाहीत, तोलही सांभाळता येईल." ती म्हणाली, "बिनकामाचं हिंडायला मी काय रिकामटेकडी हाय?"

मग संक्रांतीला शेजारच्या सुमनकाकूंकडे हळदीकुंकवाला ती जमिनीवर बसली आणि तिला उठताच येईना. काकूंनी काखेत हात घालून उठवलं. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "असं उचलून घ्यायचं नाही मला." दुसऱ्या दिवसापासून किटली निघाली.

मला आधी हसू आलं. पण आमच्याकडच्या बायका जन्मभर चालल्या त्या डोक्यावर हंडा नाहीतर भारा घेऊनच. नुसतं आपल्या पायांसाठी चालायचं तर हात मोकळे दिसतात, आणि त्याची त्यांना लाज वाटते.

आज खिडकीखालीच सुमनकाकूंनी टोकलं, "काय गं पारू, रोज रिकामीच किटली?"

आई थांबलीसुद्धा नाही. "पुढच्या संक्रांतीला तुझ्या घरात जमिनीवरनं माझी मी उठते का नाही बघ," म्हणाली आणि वळणावरून पुढे गेली.