कोपऱ्यातली गादी

वीस वर्षं बंदरांच्या प्रयोगशाळेत लाटा काढून काढून त्यांचं नावच लाटवाले पडलं होतं. वर्गखोलीएवढा हौद, त्यात सिमेंटचं चिमुकलं बंदर आणि एका टोकाला पाणी ढकलणारी फळी. फळी हलली की लाट निघायची, बांधाच्या टोकाला वळसा घालून आत शिरायची. आत जाऊन ती काय करते ते पाहायचं आणि लिहायचं, एवढीच नोकरी. पण घरी ऐट अशी, की समुद्र जणू यांना विचारून हलतो.

"वळून आलेली लाट गरीब दिसते," ते जावयाला शिकवायचे. "पण गुळगुळीत भिंतीवर आपटली की जशीच्या तशी परत फिरते आणि मागून येणारीवर चढते. भिंतीने थोडी गिळली तर ठीक, नाहीतर दुप्पट." जावयाची मासेमारीची होडी होती. तो मनापासून ऐकायचा.

नव्या बंदराच्या चाचण्या चालू असताना लाटवाल्यांनी आतल्या भिंतीला काथ्याची गादी लावली. दोन चाचण्यांच्या मध्ये पाणी लवकर स्थिर झालं की घरी लवकर जाता येतं, एवढाच हिशेब. गादी काढायची राहून गेली. तिने लाटा मुकाट गिळल्या आणि अहवालात छापून आलं, आतला कोपरा सर्वांत शांत. खरी भिंत मात्र उघड्या काँक्रीटची उभी राहिली.

बंदर पुरं झाल्यावर हौदातला नमुना मोडायला काढला, तेव्हा गादी हाताला लागली. ती घेऊन ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. निवृत्तीला चारच महिने राहिलेत ना तुमच्या?" लाटवाल्यांनी गादी गुंडाळून माळ्यावर टाकली.

आठवड्याने जावई आला. "बाबा, होडी तुमच्या त्या शांत कोपऱ्यातच लावतो."

नको म्हणायचं तर का नको, तेही सांगावं लागलं असतं. भेकड माणसाला शब्दही भेकडच सुचतात. "बघ, तुला बरं वाटेल तसं," ते म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडलं.

पुढच्याच महिन्यात वादळ आलं. इतर होड्यांना ओरखडे आले. कोपऱ्यात मात्र लाट भिंतीवरून परतली आणि लाटेवर चढली. जादा दोर बांधायला उतरलेला जावई होडी आणि भिंत यांच्यामध्ये चिरडून मेला.

चौथ्या दिवशी मुलीने बापाचा हात हातात घेतला. लाटवाल्यांना वाटलं, कळलं हिला, सुटलो एकदाचा.

"मी अडवलं होतं त्यांना, बाबा," ती म्हणाली. "ते हसले. म्हणाले, अगं, तो कोपरा तुझ्या बाबांनी तपासलाय. तपासला होतात ना?"

"तपासला होता," लाटवाले म्हणाले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.