चंदू पेंटरचा चाफा

एकेकाळी उल्हासनगरच्या बाजारात चंदू पेंटरच्या हाताखालून न गेलेली पाटी शोधावी लागायची. मिठाईवाला असो, जीन्सवाला असो, अक्षर चंदूचंच. मग फ्लेक्स आला आणि चंदूचे ब्रश खरवईच्या घरात माळ्यावर गेले. गड्याचा तोरा मात्र जागच्या जागी. अजूनही एखाद्या दुकानासमोर थांबून मोठ्यानं म्हणतो, "हे काय अक्षर हाय? उकिरड्यावरची कोंबडी बरी चालते."

इतक्या वर्षांत बायकोनं, वेणूनं, त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. यंदा चैत्रात मागितलं. तिच्या माहेरी, सोनिवलीला, बांधावर तिच्या आईनं लावलेला देवचाफा आहे. भावानं, बाळाजीनं, जमीन बिल्डरला दिली आणि सोमवारी झाड पडणार असं ठरलं. वेणू म्हणाली, "अवो, दुनियेच्या पाट्या रंगवल्यात. आता माझा चाफा काढून द्या."

चंदूनं मोबाइलवर फोटो काढायचं सुचवून पाहिलं.

"मोबाइल बिघडला की फोटो गेला," वेणू म्हणाली. विषय संपला.

रविवारी सकाळी दोघं बांधावर हजर, सोबत नात अक्षदा. ऑइल पेंटचे डबे कधीच दगड झाले होते, म्हणून अक्षदाची शाळेतली जलरंगांची पेटी आणि चार कागद. चाफ्यावर पान औषधाला नव्हतं, नुसती पांढरी फुलं. चंदूनं सवयीनं कागदभर निळं आभाळ मारलं आणि त्यावर पांढरा रंग लावला. पाटी अशीच रंगते, आधी जमीन, म्हणजे मागचा रंग, मग अक्षर. इथं मात्र पांढरा निळ्यात विरघळला आणि फुलं धुण्याच्या पाण्यासारखी मळकी झाली. दुसऱ्या कागदावर तेच. तिसऱ्यावर पांढऱ्याचे दोन हात दिले, तर कागदच फाटला.

"आजोबा, पांढरा लावायचाच नाही," अक्षदा म्हणाली. "फुलाची जागा कोरी सोडायची."

"सोडायची?" चंदू उसळला. सुटलेल्या जागेवरून त्यानं जन्मभर बोलणी खाल्ली होती. सिंधी शेठ शिडीखालून ओरडायचा, "अरे साईं, इधर छूट गया!" आणि आता ही एवढीशी पोर त्याला जागा सोडायला शिकवणार!

पण कागद एकच उरला होता. वेणू चाफ्याच्या बुंध्याला टेकून बसली होती, इकडे बघतही नव्हती. चंदूला भरून आलं. हिनं आयुष्यात एक गोष्ट मागितली, आणि तेवढीही आपल्याला देता येऊ नये? शरम वाटली त्याला.

त्यानं पुन्हा आभाळ घेतलं, या वेळी फुलांच्या कडेकडेनं. अक्षराची कड धरणारा हात तो, केसभरही ढळला नाही. कोरी जागा बघून ब्रश चारदा तिकडे धावला, चारदा त्यानं मागे ओढला. मग फुलांच्या पोटात पिवळ्याचा एकेक थेंब, खाली करड्या फांद्या. चाफा फुलला.

"वेणू, बघ," तो हळूच म्हणाला. एवढी भीती कुठल्याच शेठची वाटली नव्हती.

वेणूनं बराच वेळ पाहिलं. डोळे पदरानं पुसले.

"आयेचाच हाय," ती म्हणाली. "आता पाडू द्या त्यांना."

आणि ओला कागद दोन्ही तळहातांवर आडवा धरून ती बांधावरून निघाली. मागे वळून काही बघितलं नाही.