लिनोच्या भट्टीला माझा हात

लिनो बेटनकोर माझा शेजारी. शाळेच्या बस दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, पण आमच्या सांता मारिया गावात त्याला ओळखतात ते आगीपुढे उभा राहणारा माणूस म्हणून. कुणाचं लग्न असो की मयत, त्याच्या अंगणातली लोखंडी भट्टी पेटायची आणि ट्राय-टिपचे, म्हणजे गोमांसाचे ते तिकोनी तुकडे जाळीवर चढायचे. मीठ, मिरी, लसूण. बाकी काही लावलं की लिनोचं तोंड वाकडं. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी उभं राहून ओकची लाकडं पुरवली, पण जाळी वर-खाली करायच्या चाकाला त्यानं मला हात लावू दिला असेल तर शपथ.

मग त्याचा एकुलता एक मुलगा मार्को गेला. धुक्यात, हायवेवर. दफन झाल्यापासून लिनो अंगणात खुर्ची टाकून बसलेला. ना शब्द, ना डोळ्याला पाणी. काळ्या कॉफीशिवाय पोटात काही नाही. त्याची थोरली बहीण आदेलिना सूप आणायची आणि तसंच परत न्यायची.

"तावो, हा पोराच्या मागोमाग जाणार," ती मला म्हणाली. "काहीतरी कर बाबा."

मला सुचून सुचून एकच सुचलं. चांगल्या मांसाची नासाडी लिनोला बघवत नाही. रविवारी मी न विचारता त्याची भट्टी पेटवली, निखारे होण्याची वाट न बघता मांस ठेवलं आणि जाळी थेट ज्वाळांत सोडली. चरबी ठिबकली, जाळ भडकला.

"अरे, जळतंय ते," आदेलिना दारातून म्हणाली.

"जळू दे."

लिनो जमिनीकडे बघत होता. आताही हा उठला नाही, तर माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं.

धूर त्याच्यापर्यंत गेला. खुर्ची करकरली. त्यानं मला कोपरानं बाजूला सारलं आणि चाक फिरवून जाळी वर घेतली.

"गाढवा, निखारे होईपर्यंत दम धरवत नाही? इतकी वर्षं काय डोळे मिटून उभा होतास?"

मी मान खाली घातली. मला तर त्याच्या पाया पडावंसं वाटत होतं.

पुढचं सगळं त्यानंच केलं. मांस भाजून झाल्यावर जरा निवू दिलं. मधोमध जिथं मांसाचे धागे वळतात तिथं दोन भाग केले आणि एकेक भाग धाग्यांना आडवा कापला. करपलेले काप एकीकडे सारून आतले लाल काप त्यानं ताटलीत वेगळे ठेवले.

"मार्कोला असेच लागतात," तो म्हणाला आणि उभ्या उभ्या रडायला लागला. आदेलिनानं त्याला धरलं. कितीतरी वेळ तो तसाच रडत होता.

मग त्या ताटलीतला एक काप त्यानं स्वतःच्या तोंडात घातला. रडत रडत चावला.

"लसूण कमी घातलास, तावो," तो म्हणाला आणि दुसरा काप उचलला.