टोटल नऊच पाहिजे

आळेफाट्यावर मी सिमकार्डं विकतो. गणिताचं बी.एस्सी. दुसऱ्या वर्षी सोडलं तेव्हा घरचे म्हणाले, "संपला तुझा गणिताशी संबंध!" कसला संपतोय? रोज कुणीतरी वडीलधारा दहा आकडी नंबरची बेरीज घेऊन काउंटरवर हजर. असे किस्से साठवणीच्या बराकीतल्या कांद्यासारखे, एक ओढला की चार पायावर पडतात. नुसता हसलो असतो, पण याच बेरजेवर माझ्या बहिणीचं, वैशूचं, लग्न अडलं होतं.

बेरीज सोपी. सगळे आकडे मिळवायचे, उत्तराचेही मिळवायचे, एकच आकडा उरेपर्यंत. नऊ उरला की नशीब उघडलं!

एका काकांना म्हणालो, "टोटल नऊ म्हणजे एवढंच, की त्या नंबरला नऊनं पूर्ण भाग जातो."

काकांनी कॅल्क्युलेटरवर भागून पाहिलं. बाकी शून्य! त्यांनी कॅल्क्युलेटरला हात जोडले. "बघ. पावर हाय नऊमधी!"

*

पिंपरी पेंढारच्या एका भाऊंची टोटल आठ.

"शेवटचे दोन आकडे इकडचे तिकडं कर. व्हईल नऊ."

"भाऊ, कसेही फिरवा, बेरीज तीच राहणार."

"तुमा पोरांना करून बघायच्या आधीच नाय म्हणायची लई सवय!"

*

मग आमचे गणिताचे सर आले. रिटायर झालेत. म्हणाले, "मला मूळ संख्या दे. कशानंच भाग जाता कामा नये. अशा माणसाचे कुणी तुकडे करू शकत नाही! आणि टोटल नऊ."

"सर, टोटल नऊ असली की नऊनं भाग जातोच. मूळ कशी असेल?"

"म्हणूनच तुला कॉलेजातून काढलं."

"काढलं नाही सर, मी सोडलं."

"तेच ते."

*

माझ्या सख्ख्या चुलत्यांनी नऊवाला नंबर घेतला, जुना बंद केला. नवा कुणालाच सांगितला नाही. लकी नंबर सांगत फिरलं की नजर लागते म्हणे! आठवडाभर फोन वाजला नाही.

मी विचारलं, "काय फरक पडला का?"

"लई! एक कटकट्या माणूस फोन करीत नाय."

*

वैशूला येडगावचं स्थळ आलं. तिला पोरगा पसंत, पोराला ती. सगळं जमलं. मग पोराच्या मामांनी तिचा नंबर मागितला आणि बेरीज केली. आठ!

"शनी हाय राव. माझा नऊ, भाच्याचा नऊ. आमच्यात आठ चालत नाय."

"बदलू की!" आमचे आबा लगेच वाकले. वैशूला विचारायची पद्धत आमच्यात नाही.

तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला. "नंबर मी बदलणार नाय. आन मामा, पुढचा एक्क्याण्णव कोण धरणार? देशाचा आकडा तो. मोबाइलवर बघा, नंबराच्या आधी येतो."

मामांनी बोटं मोजली. नऊ आणि एक दहा, दहाचा एक. आठात एक मिळवला. नऊ! मामा उभेच राहिले. "अरं, ही तर लक्ष्मी!"

आबांनी डोळे पुसले. तेवढ्यात पोरगा बोलून गेला, "मामा, पण मग आपल्या नऊचे दहा होतात. म्हणजे एकच उरतो की!"

मामांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली.

"एक्क्याण्णव बायकांच्या नंबराला धरायचं असतं," मामा म्हणाले. "गड्यांच्या नाय."